उन्हाची वीज आणि ओल्या चादरी

लॉन्ड्रीवालीच्या नवऱ्याला गल्लीत सगळे ‘संशोधक’ म्हणायचे आणि तो बावळट ते कौतुक समजायचा. बायको खाली दवाखान्याच्या चादरी धुऊन धुऊन हाताची सालं काढून घ्यायची आणि हा वरच्या खोलीत बसून पृथ्वी वाचवायचा. नोकरी कधीच सोडलेली. “नोकरी काय, कोणीही करतो,” म्हणे. अरे, मग तुलाच का जमली नाही?

एकदा त्याने उन्हावर चालणारा बंब केला. पाणी असं उकळायचं की हात घालायची सोय नाही, पण भर उन्हाळ्यात, दुपारी. सकाळी गारठ्यात अंघोळीला उभं राहावं तर पाणी बर्फासारखं. मग पंख्याची टोपी आली. ती घालून स्वारी बाजारात गेली आणि मान आखडून परत आली. मान शेकायला पाणी बायकोने तापवलं, शेगडीवर.

सासूबाईंना मात्र लेकाचं भारी अप्रूप. वास्तविक बाई खमकी. नवरा गेल्यावर तिने एकटीने ही लॉन्ड्री उभी केली होती, गच्चीवरच्या दोऱ्या स्वतःच्या हाताने ताणून बांधल्या होत्या. गिऱ्हाइकाने एक शब्द वाकडा काढला तर त्याची धडगत नसे. पण लेक समोर आला की बाईचं लोणी व्हायचं.

एक दिवस संशोधक हरित उद्योगावरचं कुठलंसं व्याख्यान ऐकून आला.

“आपली लॉन्ड्री आता उन्हावर चालवायची!”

“अहो, आत्ता काय चांदण्यावर चालतेय?” बायको म्हणाली. “कपडे उन्हातच वाळतात ना?”

“ते मागासलेपण झालं. मी वीज तयार करणार, विजेवर ड्रायर चालणार.”

“करू दे गं त्याला,” म्हणत सासूबाईंनी दोऱ्या सोडल्या आणि गाठीला होतं नव्हतं ते त्याच्या हातात ठेवलं.

गच्ची सोलर पॅनेलांनी भरून गेली. गुडघ्याएवढ्या सांगाड्यांवर इकडून तिकडे काळ्या काचा, रुमाल वाळत घालायला जागा उरली नाही. आता ऊन काचेत शिरायचं, तारेतून खाली यायचं, ड्रायरमध्ये जायचं आणि तिथे त्याचं पुन्हा ऊन व्हायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! त्यात एखादा ढग आडवा आला की ड्रायर कण्हून बंद.

किरकोळ गिऱ्हाइकं बघता बघता गेली. राहिला एकटा दवाखाना, त्याच्यावरच घराची चूल पेटत होती. तिथल्या मोठ्या नर्सबाईंनी एके दिवशी गठ्ठ्यात हात घातला आणि त्यांचा चेहराच बदलला.

“पेशंटच्या पाठीखाली दमट चादर घालू का मी? उद्या पुन्हा असं झालं तर गठ्ठे दुसरीकडे जातील, बाई. मग माझ्याकडे येऊ नका.”

दुसऱ्या दिवशी नेमकी कसल्याशा पुरस्काराची समिती गच्ची बघायला येणार होती. संशोधक सकाळपासून कोट घालून काचा पुसत होता. खाली ओल्या चादरींचा ढीग, आणि ड्रायर त्यातल्या चार चादरींवरच अडून बसलेला. लॉन्ड्रीवालीने एकदा ढिगाकडे पाहिलं, टब कमरेवर घेतला, गच्चीवर गेली आणि तापलेल्या काचांवर धडाधड चादरी पसरू लागली.

“डोकं फिरलं का तुझं? वीज बंद पडली ना!”

“पडू दे. ऊन चालू आहे.”

तो थयथयाट करत असतानाच समिती वर आली. पुढच्या साहेबांनी चादर चाचपली. खडखडीत.

“वा! म्हणजे विजेचं कामच नाही? थेट उन्हाने?”

आणि आमच्या महापुरुषाने पापणीही न लववता सांगितलं, “तीच तर माझी मूळ कल्पना, सर.”

शरम नावाची चीज असते हो, पण ती दुसऱ्यांकडे! फोटो काढताना कोणीतरी म्हणालं, “ताई, जरा बाजूला व्हा, टब दिसतोय.” ती झाली बाजूला. तिला चादरींच्या घड्या घालायच्या होत्या. संध्याकाळी नर्सबाईंनी गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालून पाहिला आणि गठ्ठे ठेवून घेतले.

जिन्यात उभ्या राहून सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. लेक पुरस्काराचा चषक घेऊन घरी आला, तेव्हा त्या सुनेशेजारी घड्या घालत बसल्या होत्या; उठल्या नाहीत.

पुढच्या रविवारी संशोधकाचे मित्र चषक बघायला आले. तो ठेवलेली फळी रिकामी. तो जिन्याखालून ओरडला, “आई, माझा चषक कुठाय?”

“वर आहे!” गच्चीवरून सासूबाईंचा आवाज आला, वाकड्या गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेला. “वारा सुटलाय, चादरीच्या कोपऱ्यावर ठेवलाय. दुसरा कोपरा उडतोय, त्याच्यावर तू येऊन बस.”