सारे आले

चौथीचे सर आणि मी मारेगावकडच्या एका शाळेत शेजारच्या वर्गांवर होतो. मधली भिंत पातळ, त्यामुळे त्यांची हजेरी मला रोज ऐकू यायची. नाव घेतलं की पोरांनी 'हजर' म्हणायचं नाही, सकाळी काय खाल्लं ते सांगायचं. कोणी 'काही नाही' म्हटलं की सर जरा खोकायचे, मगच पुढचं नाव घ्यायचे.

त्या वर्षी आनंदी शाळेचं प्रशिक्षण झालं. शिक्षकांनीही रोज वहीत एक चांगली गोष्ट लिहावी, मन ताजं राहतं, असं सांगितलं गेलं. आम्ही बाकीचे आठवड्याच्या नोंदी शनिवारी एकदम उरकायचो. सर रोज लिहायचे आणि रोज एकच: 'सारे आले.' केंद्रप्रमुख वैतागले, तेव्हा म्हणाले, "बाकीचंही होते साहेब. पण हे आधी."

एका सोमवारी एक मुलगी आली नाही. तिचा बाप दिवाळीपासून कोणाशी बोलत नव्हता, आणि कपाशीच्या त्या वाईट वर्षांत गप्प झालेला शेतकरी जिवाचं काही बरंवाईट करून घेईल, अशी भीतीच वाटायची. मधल्या सुट्टीत सर डबा न उघडताच सायकलवर तिच्या तांड्यावर गेले. परतले ते पायरीवरच बसले.

"काही नाही मॅडम. कापूस वेचून राह्यली. बापासंगच."

पोरीची शाळा बुडाली होती, तरी आम्ही दोघं हसलो. मग त्यांनी वही घेतली, 'सारे आले' लिहिलं, 'आले' खोडलं आणि पुढे लिहिलं, 'आहेत'.