बारा बोअरचा धक्का

ती घटना अजून माझ्या उजव्या खांद्यात आहे. नव्वदच्या दशकात मी बेंगळुरूला, सर्जापूर रोडकडच्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. तिकडं तेव्हा द्राक्षांचे मळे होते.

बातमीदारानं सकाळीच खबर दिली, की बांधाच्या भांडणातून रात्री एका मळेवाल्यानं शेजाऱ्याच्या पायावर बार टाकला. आम्ही पोहोचलो, तर मळेवाल्याचा मुलगाच बारा बोअरची दुनळी बंदूक घेऊन पुढं आला. "मीच उडवली." परवाना बापाचा. अंधारात बंदूक कुणाच्या हातात होती ते शेजाऱ्याला दिसलं नव्हतं. मुलगा कॉलेजात एनसीसीत होता. त्याला लष्करी अधिकारी व्हायचं होतं, मुलाखत पुढच्याच आठवड्यात होती. असा मुलगा गुन्हा आपणहून अंगावर घेतोय, हे मला खटकायला हवं होतं.

चौकशीत विचारलं, "बार उडाल्यावर काय झालं?"

"धक्का खांद्याच्या हाडावर सणकन बसला, सर. एकाच जागी. पितळी पट्टी रुतल्यासारखा."

मी मान डोलावली. प्रशिक्षणात थ्री-नॉट-थ्री रायफल मला अशीच लागली होती.

माझा सब-इन्स्पेक्टर कोडगूचा, घराघरांत बंदूक असणाऱ्या मुलखातला. बाहेर आल्यावर म्हणाला, "सर, हा धक्का रायफलचा. एनसीसीच्या कॅम्पातला असणार. बारा बोअर टोचत नाही, ढकलते. अख्खा खांदा मागं जातो. सोळा बोअर स्वल्प हलकी, तीही ढकलतेच. आणि पितळी पट्टी रायफलच्या दस्त्याला असते, या दुनळीच्या दस्त्याला रबर आहे. रेंजवर चला, रायफल आणि ही दुनळी, दोन्ही उडवून बघू."

त्याच्या टेबलावर नेमबाजीचे कप असत. वरिष्ठ साहेब ठाण्यात आले की आधी त्याला विचारत, मग मला. एकदा घरी जेवायला बोलावला, तर बायको म्हणाली, "किती शांत माणूस आहे हो!" त्याला मी पुन्हा बोलावलं नाही. शिवाय चाप ओढताना माझे डोळे मिटतात, हे त्यानं बघायला नको होतं.

"कबुली आहे ना? पुरे," मी म्हणालो.

"सरी सर, तुम्ही म्हणाल तसं."

मुलगा कोठडीत गेला. मुलाखतीची तारीख उलटली.

बाप रोज ठाण्याच्या बाकावर येऊन बसायचा. शेवटी मी एकटाच रेंजवर गेलो आणि दोन्ही हत्यारं उडवली. बारा बोअरनं मला पाऊलभर मागं सारलं. रायफल हाडात घुसली.

परत येऊन म्हाताऱ्याला एवढंच म्हणालो, "तुमच्या मुलानं ही बंदूक उडवलेली नाही."

तो मान खाली घालून म्हणाला, "मी उडवली, सर. 'अप्पा, तुमचं वय आहे का तुरुंगाचं?' म्हणाला पोरगा. मी गप्प बसलो."

साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, नेमकी दुखऱ्या खांद्याजवळ. मी कळवळलो. "सुचलं कसं तुम्हाला?"

"अनुभव, सर."

सब-इन्स्पेक्टर समोरच उभा होता. नंतर हळूच म्हणाला, "माझ्याकडं बाम आहे, सर. लागतं सुरुवातीला."

सुटताना मुलानं मला एनसीसीचा कडक सॅल्यूट ठोकला. माझा हात वर गेला नाही.

समोरच्याचं बोलणं आपल्या अंगावरच्या आठवणीशी जुळलं, की ते आपल्याला खरं वाटतं. पुढच्या कितीतरी चौकशांत हे मला उपयोगी पडलं, नव्या पोरांनाही मी ते शिकवलं. एक मात्र त्यांना कधी सांगितलं नाही. त्या मुलाची मुलाखत हुकण्याआधीच मला खरं काय ते कळलं होतं. फक्त ते माझ्या सब-इन्स्पेक्टरच्या तोंडून कळलं होतं.