मागच्या खोलीतला टीव्ही

आमच्या आत्याला मागच्या खोलीत टीव्ही मिळाला तेव्हा घरात बाबांचं केवढं कौतुक झालं! बहिणीसाठी एवढं कोण करतं? खरं म्हणजे हॉलमधला जुना टीव्ही तिकडे सरकवला होता. केबलवाल्याने हॉलमधल्या बॉक्सच्या मागे एका वायरीच्या दोन करणारी डबी बसवली आणि दुसरी वायर दारावरून मागे नेली. बॉक्स मात्र एकच. त्यामुळे हॉलमध्ये जे लागेल, तेच आत्याच्या खोलीत. बाबांनी चर्चेचं भांडण लावलं की तिच्याकडेही चार माणसं एकमेकांवर खेकसू लागायची. आत्याच्या हातात एवढंच होतं, बघायचं किंवा बंद करायचं.

आत्या बाबांची थोरली बहीण. पूर्वी शाळेत खेळ शिकवायची. मुली तिला शिट्टीबाई म्हणायच्या. आजीला पक्षाघात झाला तेव्हा ‘चार महिन्यांचा तर प्रश्न आहे’ म्हणून तिने रजा घेतली. चार महिन्यांची सहा वर्षं झाली. आजी गेली तोवर शाळेत दुसऱ्या बाई रुजू होऊन जुन्या झाल्या होत्या. “आता कुठे जातेस, राहा इथेच,” असं बाबा म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. तीच तर पंचाईत. वाईट वागणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं.

त्या वर्षी आत्याच्या हाताखाली धावायला शिकलेली एक मुलगी मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली. चारशे मीटर, दुपारी चार चाळीसला. आत्याने मला हे तीनदा सांगितलं.

“मग बाबांना सांग ना,” मी म्हटलं.

“नको गं. त्याची चर्चा असते त्या वेळी. कशाला उगाच त्याचा विरस?”

मला तिचा असा राग आला! त्या रागात मी बाजारात गेले आणि रिमोटचा डोळा घेऊन आले. एक डबी आत्याच्या खोलीत, दुसरी हॉलमध्ये बॉक्ससमोर, आणि सोबत एक जादा रिमोट. तिने मागे बटण दाबलं की पुढे चॅनल बदलणार. हे बाबांना सांगून बसवायला हवं होतं. ते नाही म्हणाले नसते. पण आमच्या घरात तोंड उघडून काही मागायची सवयच नाही, म्हणून मी बाबा अंघोळीला गेलेले बघून तो चोरून बसवला.

चार चाळीसला मी हॉलमध्ये बाबांशेजारी बसले होते. अचानक चर्चा गेली आणि मैदानात ओणव्या झालेल्या आठ मुली दिसल्या.

“हे काय?” म्हणत बाबांनी बटण दाबलं. चर्चा आली. पुन्हा मैदान. पुन्हा चर्चा. तिसऱ्यांदा मैदान आलं तेव्हा मुली शेवटच्या वळणावर होत्या. “बॉक्सला वेड लागलंय,” असं म्हणून बाबांनी उठून बॉक्सच बंद केला.

बाबा, आत्याला शर्यत बघायचीय. एका वाक्याचं काम होतं. माझी जीभ उचलली नाही. मागच्या खोलीतूनही आवाज आला नाही.

संध्याकाळी केबलवाला आला. बाबांनी आधीच निदान करून ठेवलं होतं. “ती मागची वायरच गडबड करते. काढूनच टाका. ताई, तू हॉलमध्ये येऊन बसत जा. एकटी काय बसतेस?”

केबलवाला बॉक्ससमोर वाकला आणि डबी हातात धरून उभा राहिला. “काका, हा रिमोटचा डोळा कोणी बसवला? यानेच गोंधळ झालाय.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

“कुणास ठाऊक,” आत्या म्हणाली. “पहिल्यापासूनच असेल.”

“मग मागची वायर राहू देऊ का?” केबलवाला म्हणाला.

“ताई?” बाबांनी विचारलं. खरंच विचारलं. क्षणभर मला वाटलं, आता तरी बोलेल.

“काढा की,” आत्या म्हणाली. “मी काय बघते एवढं?”

केबलवाला दारावरची वायर सोडवायला स्टुलावर चढला. स्टूल डगमगत होतं, म्हणून तिने ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फक्त पहिली आलेल्या मुलीचं नाव होतं. ते आत्याने शिकवलेल्या मुलीचं नव्हतं. आत्याने ती चार ओळींची बातमी दोनदा वाचली.

“वळणावर दुसरी होती,” ती मला हळूच म्हणाली. “पुढे काय झालं असेल गं?”

मला रडू आवरेना. तेवढ्यात हॉलमधून बाबांनी प्रेमाने हाक मारली, “ताई, ये लवकर, बातम्या लागल्या!”

“आले रे,” आत्या म्हणाली आणि चष्मा पुसत बाहेर जाऊन बसली.