दादाने हौद रिकामा केला

आमचा दादा प्लंबर. कुणाकडे पाहुणा गेला तरी बसायच्या आधी बेसिनखाली वाकून बघायचा. वहिनी म्हणायची, "यांना स्वर्गात घेतलं तर तिथलेही नळ खोलून ठेवतील." प्रार्थनागृहात दीक्षेच्या डुबकीसाठी हौद होता, त्याची सगळी पाइपलाइन दादानेच टाकली होती. देवाचं काम म्हणून अगदी मनापासून.

तिथे आमची काळ्या माणसांची दोन-तीनच घरं, बाकी सगळे गोरे. देवाला सगळी लेकरं सारखी, असं दर आठवड्याला ऐकायचो. दीक्षेच्या दिवशी मात्र आमची लेकरं हौदात शेवटी उतरायची. तसा नियम कुणी केला नव्हता. व्हायचं मात्र तसंच.

त्या वर्षी दादाच्या मुलीला, आमच्या टकळीला, सगळ्या प्रार्थना तोंडपाठ होत्या. शिकवणाऱ्या बाईंनी तिलाच पहिली उभी केली. दादा हरखून गेला. सकाळपासून हौद घासून त्याने कोमट पाणी भरलं. टकळी उतरली, डुबकी मारून वर आली, आणि मागच्या गोऱ्या मुलाच्या आईने त्याचा दंड घट्ट धरून ठेवला. रांग पुढे सरकेना. धर्मगुरू दादाच्या कानाशी आले.

"पाणी जरा गढूळ वाटतंय. बदलून घेता का?"

कसलं गढूळ! तळाची फरशी न् फरशी मोजता येत होती. मी लांबून दादाकडे बघत मान हलवत होते, नको, नको. दादा खाली बसला, बाही वर केली आणि बूच काढलं. हौद रिकामा होऊन पुन्हा भरेपर्यंत ही मंडळी देवाची गाणी म्हणत होती. माझ्या अंगाची नुसती आग आग झाली. टकळी ओल्या कपड्यांत कुडकुडत बघत उभी होती.

हौद भरत आला तशी ती दादाजवळ गेली. "बाबा, माझ्या वेळी पाणी खराब होतं का? मग माझी दीक्षा झालीच नाही ना?"

पाणी स्वच्छ होतं, मीच घाबरलो, एवढंच म्हणायचं होतं त्याने. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "रांगेत शेवटी उभी राहा. परत घे."

ती उभी राहिली. शेवटी उतरली तेव्हा कुणाचीच हरकत नव्हती.

आम्ही घरी निघालो. घराच्या फाटकाशी आल्यावर टकळी म्हणाली, "बाबा, पाणी स्वच्छ होतं. मला दिसत होतं. तुम्ही तसं सांगाल म्हणून विचारलं होतं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं दादाला. मलाही झालं.

टकळी आता नोकरी करते. प्रार्थनेला अजून नेमाने जाते. देवाने काय वाईट केलंय माझं, म्हणते. दादा त्यानंतर प्रार्थनागृहाच्या आत गेलेला नाही. पण ती निघाली की चपला घालून उभा राहतो.

"दारापर्यंत येऊ?"

"कशाला, बाबा? जाईन मी," ती अगदी गोड आवाजात म्हणते. मग तो चपला काढून ठेवतो.