सातजवळची भेग

घड्याळाच्या तेलाचा वास आला की नाशिक रोडची ती बैठकीची खोली आठवते. निवृत्तीनंतर मला जुन्या रेल्वे घड्याळांचा छंद नुकताच जडला होता, म्हणून ओळखीच्या दोघा भावांनी एक घड्याळ तपासायला बोलावले होते. रेल्वेत गार्ड असलेल्या त्यांच्या वडिलांचे खिशातले घड्याळ थोरल्याकडे असे. "दादा, सातच्या आकड्यापाशी काळी भेग होती. मूळची विकून तू तबकडीच बदललीस," धाकटा म्हणाला. "म्हण तुला काय म्हणायचंय ते," थोरला म्हणाला. मिन्याचा काचेसारखा लेप असलेली ती तबकडी इतकी शुभ्र होती की मलाही शंका आली. काच काढून भिंगातून पाहिले, तर सातपाशी केसासारखी भेग होतीच. तिच्यातला मळ तेवढा गेला होता. "तबकडी मूळचीच आहे," मी चाचरत म्हणालो. "खंडेनवमीच्या पूजेत मांडायचं म्हणून मीच काच उघडून तबकडी रिठ्याच्या पाण्यानं पुसली," आतून आलेली त्यांची आई म्हणाली. मग ती धाकट्याकडे वळली. "मला विचारायचंस तरी. थेट भावालाच चोर ठरवलंस." धाकट्याने तरीही भिंग मागून घेतले आणि बराच वेळ पाहिले. थोरल्याने घड्याळ त्याच्याकडे सरकवले. "राहू दे आता तुझ्याकडेच." हल्ली कोणी तबकडी तपासायला आणली, की संशय कोणावर आहे, हे मी आधी विचारतो. उत्तरात घरातले नाव आले, तर भिंग पेटीतून काढत नाही.