सहा प्रतींचा हात

घणकाका टाइप करायला बसले की कोर्टात नवीन आलेला माणूस आधी छताकडे बघायचा. वरच्या मजल्यावर कुणीतरी खिळे ठोकतंय, असं त्याला वाटायचं. मग नजर खाली यायची आणि न्यायाधीशांच्या पायाशी, साक्षीदाराच्या पिंजऱ्याला लागून, एक किरकोळ अंगाचा चष्मेवाला गृहस्थ एका गरीब की-बोर्डचा जीव घेताना दिसायचा. हेच ते. त्यांना घण हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण ठेवणाऱ्याचे कान शाबूत होते.

साक्षीदाराने बोलायचं, साहेबांनी ते वाक्यात बसवून सांगायचं आणि काकांनी बडवायचं, असा चोवीस वर्षांचा शिरस्ता. गावातल्या बहुतेक फुटक्या डोक्यांची नोंद त्यांच्या बोटांखालून गेलेली. कुऱ्हाड, सळई, फुटकी बाटली, अंगावर ओतलेलं उकळतं पाणी. 'डाव्या कानामागे चार सेंटीमीटर लांबीची जखम' हे ते अशा आवेशात टाइप करायचे की जखम आरोपीने केली की काकांनी, अशी शंका यावी. वर्षाला तीन की-बोर्ड जायचे. आधी काना मरायचा, मग वेलांटी.

हा जोर त्यांनी घरातून आणला होता. वडिलांचा टायपिंगचा क्लास होता. जुनी लोखंडी मशिनं, एकावर एक सहा कागद आणि मधे पाच कार्बन. वरची प्रत कुणीही उमटवतं. वडील थेट सहावी उचलून उजेडात धरायचे. अक्षर पुसट दिसलं की लाकडी पट्टी, तीही आडवी नाही, धारेवर, थेट मनगटावर. एकदा उजवं हाड तडकलं. प्लास्टर निघालं त्याच दिवशी संध्याकाळी काका पुन्हा सहा प्रतींना बसले. हे सगळं ते हसत सांगायचे. "पण सहावी प्रत आंधळ्यालाही वाचता यायची!" ऐकणाऱ्याला हसावं की नाही कळायचं नाही.

पुढे कॉम्प्युटर आले, प्रती प्रिंटर काढायला लागला. बोटांना मात्र हे कुणी कळवलंच नाही.

कळवायचा प्रयत्न एकदा कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने केला होता. मेलेला की-बोर्ड उपटून नवा लावताना तो म्हणाला, "काका, नुसतं बोट टेकवलं तरी अक्षर येतं हो. एवढं काय वैर आहे?"

"तू मला शिकवतोस?"

"शिकवत नाही, विनंती करतोय. याला पण घरदार असतं."

काकांनी जुना की-बोर्ड वायरसकट त्याच्या दिशेने भिरकावला. तो वेळेवर वाकला, मागच्या कपाटाची काच फुटली आणि एक कपची त्याच्या कानाची पाळी चिरून गेली. तेव्हापासून तो आमच्या इमारतीत आला की आधी विचारायचा, "घण आहेत का आत?" आणि हेल्मेट न काढताच काम करायचा.

मी तेव्हा शेजारच्या कोर्टात टायपिस्ट होतो. काकांच्या हाताचं काहीतरी बिनसलंय हे आम्हा टायपिस्टांना दिसत होतं. शहाणपणा करून कुणी बोलत नव्हतं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायची. चहाचा कप सुटायचा. शर्टाची बटणं काकू लावून द्यायच्या. दोन साक्षींच्या मधे काका उजवा हात टेबलाच्या कडेवर दाणदाण आपटायचे, झोपलेल्या पहारेकऱ्याला लाथ घालावी तसा. मुंग्या थोड्या हटल्या की पुन्हा बडवायला सुरुवात.

काकू डबा द्यायला आल्या की आमच्यासमोरच सुरू व्हायच्या. "डॉक्टरकडे चला."

"हाताला मार हवा, औषध नको."

"सासरे जाऊन बारा वर्षं झाली. त्यांची पट्टी कधी जाणार?"

यावर काका डब्याचं झाकण उघडायच्या खटपटीला लागायचे आणि ते त्यांच्याच्याने उघडायचं नाही.

डॉक्टरकडे न जाण्याचं कारण वेगळंच होतं. ज्याचा हात चालत नाही त्याला तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये पाठवतात. काकांच्या आधीचा टायपिस्ट असाच खाली गेला आणि निवृत्त होऊनच वर आला. काकांचा जीव त्या खुर्चीत होता. भर कोर्टात साहेबांच्या खालोखाल आपलाच आवाज, हे सुख त्यांना सोडायचं नव्हतं.

मग ती गॅरेजवाल्याची केस उभी राहिली. दोघा भावांचं गॅरेज. थोरल्याने धाकट्याला मारलं होतं आणि समोरच्या खिडकीतून एका नर्सबाईने ते पाहिलं होतं. मी कागदांचा गठ्ठा मागायला त्या कोर्टात गेलो तेव्हा बाई पिंजऱ्यात उभ्या राहून सांगत होत्या. "याने जॅकची दांडी घेतली आणि भावाच्या गुडघ्यावर मारली. तो पडला. मग दुसऱ्या गुडघ्यावर मारली. मग थांबून घाम पुसला आणि पुन्हा मारली."

"घाम पुसला, हेही घ्या," साहेब म्हणाले.

काकांनी घाम बडवला. तेवढ्यात जामिनावर सुटलेला तो गॅरेजवाला मागच्या बाकावरून उठला आणि दोन ढांगांत पुढे आला. काकांच्या टेबलावर फायली शिवायचा दाभण पडलेला असायचा, वीतभर लांब. तो त्याने उचलला आणि बाईंच्या तोंडावर चालून गेला. सगळ्यांत जवळ काकाच. त्यांनी उजव्या हाताने त्याचं मनगट पकडलं, डाव्याने कॉलर. दाभणाचं टोक बाईंच्या डोळ्यापासून चार बोटांवर थांबलं. क्षणभर वाटलं, जमलं.

आणि काकांचा उजवा हात उघडला. कुणी झटका दिला नाही की पिरगाळला नाही. बोटं नुसती सैल पडली. दाभण बाईंच्या गालात घुसला आणि कानापर्यंत फाडत गेला. की-बोर्डवर रक्ताची चिळकांडी उडाली. पोलीस गॅरेजवाल्यावर पडले, त्याला फरशीवर घेऊन गुडघ्यांनी तुडवलं. त्या झटापटीत एका वकिलाचा दात गेला. काका मधे उभे. डाव्या मुठीत कॉलरची चिंधी आणि उजवा हात शर्टाची रिकामी बाही लोंबावी तसा.

बाईंना अकरा टाके पडले. कोर्टात दोन बातम्या फिरल्या : एक, घण घाबरला, दोन, घण आतून मिळालेला होता. दोन आठवड्यांनी बाई गालावर पट्टी घेऊन व्हरांड्यात समोर आल्या.

"तुम्ही धरला होतात ना त्याला?"

"हो."

"मग सोडलात का?"

काकांनी उजवा हात पाठीमागे नेला. बाई निघून गेल्या.

या हल्ल्याचा खटला माझ्या कोर्टात चालला. काका पहिल्यांदाच पिंजऱ्यात उभे, बाई समोरच्या बाकावर आणि की-बोर्डवर मी. गॅरेजवाल्याचा वकील गोड बोलून मारणाऱ्यांपैकी होता.

"तुम्ही त्याचा हात पकडला. त्याने झटका दिला?"

"नाही."

"पिरगाळला?"

"नाही."

"म्हणजे तो थांबला होता. म्हणून तुम्ही सोडलंत. मग गर्दीत धक्का लागला आणि दाभण चुकून लागला. असंच ना?"

'हो' म्हटलं असतं तर गॅरेजवाला सुटला असता. 'नाही' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता आणि त्याच्या उत्तरात खुर्ची जात होती. काकांनी माझ्या की-बोर्डकडे एकदा पाहिलं.

"नाही. तो पूर्ण जोर लावत होता. डाव्या हातातली कॉलर फाटली ती उगाच नाही."

"मग उजवी पकड सुटली कशी?"

"कारण तो हात मेलाय. दोन वर्षं झाली. मी लपवलं."

साहेब मला सांगू लागले, "साक्षीदाराच्या हातात वेदना असल्याने..."

"वेदना नाही साहेब," काकांनी मधेच तोडलं. "वेदना असत्या तर पकड कळली तरी असती. बधिर लिहा."

मी बधिर लिहिलं.

आठ दिवसांत काका तळघरात आणि त्यांच्या खुर्चीवर मी. गॅरेजवाला आत गेला. खटला संपला तशा बाई एके दिवशी दुपारच्या सुट्टीत आल्या आणि काकांना रेकॉर्ड रूममधून वर ओढून आणलं. सगळ्यांसमोर त्यांचा तळवा उताणा केला. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग पार बसला होता.

"हे एका दिवसात होत नाही. इतके दिवस काय करत होतात?"

"आपटत होतो," काका म्हणाले.

बाईंनी त्यांना एक सणसणीत शिवी दिली, जी नर्सबाईंना येत असेल असं वाटलं नव्हतं. "आतली नस चेपलीय. ऑपरेशन लागणार. पकड किती परत येईल सांगता येत नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तू रे? असाच बसतोस?"

मी बसून दाखवलं.

"अरे, हे टेबल आहे की माळा? हात छातीशी नेऊन टाइप करतोस! मनगट वर मुडपलंय, त्यात टेबलाची कड रुततेय. कोपर काटकोनात हवं, की-बोर्ड कोपराच्या पातळीला, मनगट सरळ. बोट टेकवायचं, मारायचं नाही. आणि अर्ध्या तासाने हात सोडून बसायचं."

"माझ्या हातासाठी साहेब साक्ष थांबवतील?"

"साक्षीदाराने पाणी मागितलं की थांबवतात ना? मग तू माग पाणी!"

काका टेबलाकडे बघत राहिले. महिन्याभराने ऑपरेशन झालं. हाताला बँडेज होतं तेव्हाच एका सकाळी ते कोर्ट उघडायच्या आधी आले, डाव्या हातात करवत. मी पोचलो तेव्हा टेबल उलटं पडलेलं, दोन पाय छाटलेले आणि काका तिसऱ्यावर गुडघा रोवून बसलेले. डाव्या हाताने करवत वाकडी जात होती. घामाने चष्मा घसरलेला, तोंडात शिव्यांची माळ.

"काका, सरकारी टेबल आहे!"

"बघत काय बसलास? पाय धर!"

मी धरला. चारही पाय चार-चार बोटं तुटले. टेबल थोडं डुगडुगायचं, पण माझं मनगट सरळ राहायला लागलं.

दोन दिवसांत काकांना मेमो आला : सरकारी मालमत्तेची मोडतोड का केली, लेखी खुलासा करावा. काका कागद घेऊन माझ्याकडे आले. सांगू लागले, मी टाइप करू लागलो.

"टेबल उंच होते. खाली सही करणाऱ्याने ते कापून बुटके केले आहे. इतर तीन कोर्टांतली टेबले अद्याप बाकी आहेत."