हवाबंद

पत्र्याचे डबे बनवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि आरडाओरडा करण्यातही नव्हता. डबा झाला की झाकण लावून तो पाण्याच्या टाकीत दाबून धरायचा. एक जरी बुडबुडा वर आला तरी सांध्याला पुन्हा कथलाचा डाख. "माझ्या झाकणातून वाससुद्धा बाहेर येणार नाही," असं तो गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचा. स्वतःच्या तोंडाला मात्र झाकण नव्हतं. भाजीत मीठ कमी पडलं, घर डोक्यावर. दार जरा जोरात लागलं, घर डोक्यावर. बायको बिचारी ऐकता ऐकता गेली. मुलगी लहानपणी कपाट आणि भिंतीमधल्या फटीत कानांवर हात ठेवून बसायची आणि मधूनच आईला विचारायची, "संपलं का?"

त्या मुलीला मुलगी झाली, ती चार वर्षांची झाली, तरी या आजोबांनी नातीचं तोंड पाहिलं नव्हतं. शेवटी मुलीने फोनवर सरळच सांगितलं, "शंभर दिवस आवाज न चढवता काढा, मग आणते तिला. एकदम बदलायला जाऊ नका, तुम्हाला जमायचं नाही. रोज थोडं थोडं करा."

म्हातारा कामाला लागला. उठल्यावर अंथरुणाची घडी. चहाचा कप आपला आपण विसळायचा. येईल त्याला आधी 'बसा' म्हणायचं. एवढं पार पडलं की कपाटाच्या बाजूवर खडूची एक रेघ. पण राग काय सांगून येतो? सहाव्या दिवशी एक गिऱ्हाईक म्हणालं, "झाकण तिरकं बसतंय." शब्द अगदी ओठांवर आला. समोर एक नवाकोरा डबा होता. तो उचलून म्हातारा मागच्या खोलीत गेला, डब्यात तोंड घालून तो शब्द सोडला, झाकण दाबलं आणि बाहेर येऊन म्हणाला, "बसा. सरळ करून देतो." गिऱ्हाईक घाबरून उभंच राहिलं.

मग तीही सवय लागली. रेघा वाढत गेल्या. शेजारचा न्हावी म्हणाला, "काय हो, तब्येत बरी आहे ना? तुमचा आवाज नाही आठवडाभर." म्हातारा नुसता हसला. त्याला खरंच हलकं वाटत होतं.

डबा मात्र जड होत होता. चाळिसाव्या दिवशी तो सरकवायला दोन्ही हात लागले. साठाव्या दिवशी पत्रा हाताला कोमट लागला, जवळ विस्तव नसताना. सत्तराव्या दिवशी भरदुपारी झाकण आपोआप थरथरलं. दुसरा कुणी असता तर डबा लांब नेऊन टाकला असता. हा पडला कारागीर. त्याला वाटलं, झाकण ढिलं आहे. त्याने वर वीट ठेवली, आणि नव्व्याण्णवाव्या दिवशी झाकणाला कडेने पक्का डाख लावून टाकला. डबा कसाबसा टाकीत बुडवला. एकही बुडबुडा आला नाही. टाकीतलं पाणी तेवढं हलत राहिलं.

शंभराव्या दिवशी मुलगी आली. नात "आजोबा" म्हणाली आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिघांनी चहा-दूध घेतलं, त्याने कप विसळले. मुलगी बघतच राहिली. तेवढ्यात मागच्या खोलीतून पोरीचा आवाज आला, "आई, डब्यात कोण ओरडतंय?"

मुलीने डब्याला कान लावला. 

"हे तर तुम्ही आहात, बाबा."

"पोरी, शपथ घेऊन सांगतो, मी कुणाला एक शब्द बोललो नाही. सगळं यात ठेवलं."

"ठेवलं. म्हणजे आहेच ना."

ती निघून जाणार असं त्याला वाटलं. पण तिने लेकीला न्हाव्याकडे बसवलं आणि परत येऊन पत्र्याची कात्री त्याच्या हातात दिली. "कापा. आम्ही ऐकलंय हे. तुम्ही कधी ऐकलंच नाही."

त्याने कापलं. आधी याच शंभर दिवसांतलं निघालं, तिरक्या झाकणाचं वगैरे. मग त्याने कधी डब्यात टाकलंच नव्हतं ते यायला लागलं. मुलीच्या लग्नाच्या दिवशीचं. मग त्याआधीचं, मिठाचं. त्याच्याही आधीचं, तिच्या शाळेच्या फुटलेल्या पाटीचं. आवाज त्याचाच, पण तरुण होत चाललेला, खणखणीत. जन्मात पहिल्यांदा त्याला स्वतःची भीती वाटली. तो मागे सरकत सरकत कपाटाशेजारच्या त्या फटीत कधी शिरला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. खांद्याने खडूच्या रेघा पुसल्या गेल्या. त्याने कानांवर हात ठेवले, गुडघे पोटाशी घेतले.

"संपलं का गं?" त्याने विचारलं.

मुलगी डब्याशेजारी जमिनीवर शांत बसली होती.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "अजून मी नऊ वर्षांचीच आहे."